स्लीपिंग मॅट

स्लीपिंग मॅट ही पदभ्रमण, गिर्यारोहण आणि तंबूतील मुक्कामात जमिनीवर अंथरण्याची, पाठपिशवीतून वाहून नेता येणारी हलकी गादी होय. मराठी गिर्यारोहकांमध्ये ती ‘मॅट’ किंवा ‘कॅरीमॅट’ या नावांनी ओळखली जाते. यांपैकी ‘कॅरीमॅट’ हे नाव कॅरिमोर या ब्रिटिश कंपनीच्या उत्पादनावरून आले आहे.

कार्य

मॅटचे मुख्य काम शरीराची उष्णता जमिनीत जाऊ न देणे हे आहे. स्लीपिंग बॅगमधील कापूस, पिसे वा कृत्रिम तंतू आपल्यात अडकलेल्या हवेमुळे ऊब देतात. झोपणाऱ्याच्या भाराने पाठीखालचा थर दबतो, त्यातील हवा निघून जाते आणि त्या बाजूचा उष्णतारोध जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे चांगली स्लीपिंग बॅग असूनही मॅटअभावी थंडी वाजते. ओले कपडे, थकवा आणि गार जमीन एकत्र आल्यास शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

मॅटचा उष्णतारोध ‘आर-मूल्य’ या अंकाने दर्शवतात. अंक जितका मोठा, तितका रोध अधिक. दोन मॅट एकावर एक अंथरल्यास त्यांच्या आर-मूल्यांची बेरीज होते.

प्रकार

* बंद पेशींच्या फोमची मॅट : हिच्यातील हवेचे सूक्ष्म कप्पे परस्परांपासून बंद असल्याने ती पाणी शोषत नाही. ती फुटण्याचा प्रश्न नसतो आणि किंमतही कमी असते. मात्र ती पातळ व कडक असते आणि गुंडाळल्यावरही बरीच जागा व्यापते.
* हवा भरण्याची मॅट : ही जाड, मऊ आणि घडी केल्यावर लहान होते. आत उष्णतारोधक थर नसल्यास ती थंडीत अपुरी पडते. काट्याने छिद्र पडल्यास ती निरुपयोगी होते.
* आपोआप फुगणारी मॅट : हिच्यात खुल्या पेशींचा फोम असतो. झडप उघडताच फोम प्रसरण पावून हवा आत ओढतो. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे 1972 मध्ये स्थापन झालेल्या कॅस्केड डिझाइन्स या कंपनीने ‘थर्म-अ-रेस्ट’ या नावाने हा प्रकार लोकप्रिय केला.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वापर

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात कळसूबाई (1,646 मीटर) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, हरिश्चंद्रगड, रतनगड, साम्रद गावाजवळची सांदण दरी आणि भंडारदरा जलाशय ही मुक्कामाची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या परिसरातील गुहांमध्ये मुक्काम करण्याची प्रथा आहे. बसाल्ट खडकाची तेथील जमीन सपाट असली तरी कठीण असते आणि हिवाळ्यात रात्री फार गार पडते. उघड्या पठारावर कारवीचे तुटके खुंट, खडे आणि काटे असतात. अशा ठिकाणी हवेच्या मॅटखाली जाड ताडपत्री किंवा फोमची पातळ मॅट अंथरणे आवश्यक ठरते. पावसाळ्यात जमीन व गुहाही ओलसर असल्याने पाणी न शोषणारा फोम अधिक भरवशाचा असतो.

या भागात मेंढीच्या लोकरीचे घोंगडे पूर्वापार अंथरूण व पांघरूण म्हणून वापरात आहे. ते टिकाऊ असून ओलसर झाले तरी काही ऊब राखते. पण वजनाने जड असल्याने लांबच्या चढाईत गैरसोयीचे ठरते.

निवड

कुशीवर झोपणाऱ्यांच्या खांदा व कंबरेवर अधिक दाब येत असल्याने त्यांना जाड मॅट मानवते; पाठीवर झोपणाऱ्यांना पातळ मॅट पुरते. सह्याद्रीतील एक-दोन रात्रींच्या भटकंतीसाठी फोमची मॅट बहुधा पुरेशी असते. हिमालयातील बर्फाळ मुक्कामासाठी अधिक आर-मूल्याची मॅट लागते आणि हवेच्या मॅटखाली फोमची मॅट घेण्याची पद्धत आहे. त्यामुळे वरची मॅट फुटली तरी रात्र निभावते. टिकाऊपणा पाहताना वरच्या कापडाची जाडी, झडपेची घट्ट बसण आणि दुरुस्तीच्या ठिगळांची उपलब्धता या बाबी महत्त्वाच्या असतात.

निगा

छिद्र शोधण्यासाठी फुगवलेली मॅट पाण्यात दाबून बुडबुडे पाहतात. तोंडाने फुगवल्यास श्वासातील बाष्प आत साचून बुरशी धरू शकते, म्हणून फुगवण्याची पिशवी किंवा पंप वापरतात. आपोआप फुगणारी मॅट घरी झडप उघडी ठेवून पसरून ठेवतात. सतत गुंडाळून ठेवल्यास आतील फोमची लवचिकता कमी होते. शेकोटीच्या ठिणग्या व प्रखर ऊन यांपासून सर्वच प्रकारच्या मॅट दूर ठेवाव्या लागतात.