बाह्य पडद्याची विभेदनक्षमता, लिनक्स प्रणालीतील
लॅपटॉप संगणकाला जोडलेल्या बाह्य पडद्यावर आडव्या व उभ्या दिशांत किती चित्रबिंदू दाखवावयाचे, हे ठरविण्याच्या क्रियेस विभेदनक्षमतेची निश्चिती म्हणतात. चित्रबिंदूस पिक्सेल व विभेदनक्षमतेस रिझोल्यूशन ही नावेही रूढ आहेत. १९२० × १०८० या विभेदनक्षमतेत प्रत्येक आडव्या ओळीत १,९२० बिंदू असून अशा १,०८० ओळी असतात. लिनक्स या मुक्त प्रणालीचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. तीत ही निश्चिती सामान्यतः आपोआप होते; ती चुकल्यास मात्र तिच्यामागील यंत्रणा समजून घ्यावी लागते.

योग्य विभेदनक्षमता : जुन्या ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर इलेक्ट्रॉन शलाका भिन्न विभेदनक्षमतांची चित्रे सारख्याच सहजतेने रेखाटू शकत असे. द्रव-स्फटिकाच्या पडद्यात बिंदूंची संख्या कारखान्यातच कायमची ठरते. तीच त्याची मूळ विभेदनक्षमता होय. योग्य विभेदनक्षमता ही अशा रीतीने वापरणाऱ्याच्या आवडीची बाब नसून पडद्याच्या रचनेतच ठरलेली असते. १२८० × ७२० चे चित्र १९२० × १०८० च्या पडद्यावर पूर्ण पसरविल्यास चित्रातील प्रत्येक बिंदूच्या वाट्याला दोन्ही दिशांत दीड बिंदू येतो. अर्धा बिंदू उजळणे शक्य नसल्याने शेजारच्या बिंदूंत रंगांची सरासरी भरली जाते व अक्षरांच्या कडा पुसट होतात. देवनागरीतील अनुस्वार, रफार व जोडाक्षरांतील बारीक रेषा यांना हा दोष विशेष जाणवतो आणि दीर्घकाळ वाचन करणाऱ्याच्या डोळ्यांस शीण येतो. अक्षरे लहान वाटतात म्हणून विभेदनक्षमता कमी करणे हा सर्रास आढळणारा प्रमाद आहे. अशा वेळी मूळ विभेदनक्षमता कायम ठेवून अक्षरांचे व आकृत्यांचे प्रमाण वाढवावे.

पडद्याची ओळख : पडदा आपली माहिती संगणकास स्वतः कळवितो. त्यासाठीचा ‘ईडीआयडी’ हा संकेत व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्‌स असोसिएशन या संस्थेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा पाया १२८ बाइटांचा असतो. त्यात उत्पादकाची खूण, पडद्याचे आकारमान, चालणाऱ्या विभेदनक्षमता आणि पसंतीची विभेदनक्षमता यांची नोंद असते. सर्व १२८ बाइटांच्या बेरजेस २५६ ने भागल्यास बाकी शून्य उरली पाहिजे. न उरल्यास नोंद सदोष समजली जाते. व्हीजीए व एचडीएमआय केबलींत ही नोंद चित्राच्या तारांहून वेगळ्या दोन तारांवरून येते. त्यामुळे चित्र दिसत असूनही ओळख न पटणे शक्य असते.

ओळख न मिळाल्यास लिनक्सचा गाभा १०२४ × ७६८ पर्यंतच्याच सुरक्षित विभेदनक्षमता देऊ करतो. १०२४ × ७६८ चे चित्र १९२० × १०८० च्या पडद्यावर ताणले गेल्यास आडवी वाढ १.८७५ पट, तर उभी सुमारे १.४१ पट होते व वर्तुळ लंबवर्तुळासारखे दिसते. हे लक्षण दिसताच केबल, जोडणीचा अडॅप्टर व मधली विभाजक पेटी ही क्रमाने बदलून पहावीत. लॅपटॉपचा व बाह्य पडदा यांवर एकच चित्र दाखविण्याची निवड असल्यास दोहोंस चालणारी विभेदनक्षमता घेतली जाते. म्हणून ती निवडही तपासावी.

हाताने निश्चिती : १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स या खिडकी प्रणालीत ‘एक्सरँडआर’ ही आज्ञा वापरतात. नुसती आज्ञा दिल्यास प्रत्येक जोडणीची यादी मिळते. तीत चालू विभेदनक्षमतेपुढे तारका व पडद्याच्या पसंतीच्या विभेदनक्षमतेपुढे अधिक चिन्ह असते. दोन्ही चिन्हे एकाच ओळीत असणे ही इष्ट स्थिती होय. हवी ती विभेदनक्षमता यादीत नसल्यास ‘सीव्हीटी’ या आज्ञेने तिची कालमापे काढून ती प्रथम नोंदवावी, नंतर त्या जोडणीस द्यावी व अखेर लागू करावी. सीव्हीटी आडवी संख्या आठाच्या पटीत घेते. त्यामुळे १३६६ ऐवजी १३६८ मिळते, हे ध्यानात ठेवावे.

येथे केबलीची मर्यादा महत्त्वाची ठरते. प्रत्येक ओळीच्या व चित्राच्या अखेरीस काही रिकामा काळ सोडलेला असतो. तो धरून दर सेकंदास किती बिंदू पाठवावे लागतात, यावरून बिंदूंची कंप्रता ठरते. १९२० × १०८० साठी दर सेकंदास ६० चित्रे धरता दूरचित्रवाणीच्या प्रचलित मापांनुसार ती २,२०० × १,१२५ × ६० म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्‌झ येते. सीव्हीटीच्या साध्या मापांनी ती १७३ मेगाहर्ट्‌झ होते, तर रिकामा काळ घटविणाऱ्या मापांनी १३८.५ मेगाहर्ट्‌झ. एकेरी डीव्हीआय जोडणीची मर्यादा १६५ मेगाहर्ट्‌झ असल्याने पहिले गणित तीवर चालत नाही, दुसरे चालते. ३८४० × २१६० साठी ६० चित्रांना ५९४ मेगाहर्ट्‌झ लागतात. एचडीएमआयच्या २००९ मधील १.४ आवृत्तीची मर्यादा ३४० मेगाहर्ट्‌झ असल्याने तेथे ३० चित्रांवरच समाधान मानावे लागते.

वेलँड या नव्या प्रणालीत एक्सरँडआरने विभेदनक्षमता बदलत नाही. तेथे बदल डेस्कटॉपच्या मांडणीतून करतात. यादीच अपुरी असल्यास विभेदनक्षमता किंवा ओळखीच्या नोंदीची फाइल संगणक सुरू होतानाच गाभ्यास पुरवितात. एक्सरँडआरने केलेला बदल मात्र त्या सत्रापुरताच टिकतो. तो कायम हवा असल्यास सत्रारंभीच्या आज्ञांत समाविष्ट करावा लागतो.

दक्षता : काही जुन्या ऋण किरण नलिकेच्या पडद्यांस मर्यादेबाहेरील कंप्रतेने इजा होऊ शके. आजचे पडदे बहुधा काळे होऊन तसा संदेश दाखवितात. म्हणून प्रयोग करताना लॅपटॉपचा स्वतःचा पडदा चालू ठेवावा. आज्ञांनी गणित मांडणे हा अखेरचा उपाय समजावा. अनेक वेळा दोष गणितात नसून दोन तारांच्या तुटलेल्या संवादात असतो व नवी केबल लावताच तो नाहीसा होतो.