चहा-पोहे, शेवभाजी आणि दुसरा प्रश्न

रविवारची सकाळ. मुलगा जळगावचा, मुलीचे घर धुळ्यात. पारोळ्यामार्गे नव्वदेक किलोमीटरचा प्रवास करून पाहुणे पोहोचतात. बायोडाटा महिनाभर दोन्ही घरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला असतो. पोहे होतात, चहा होतो आणि मग एखादे काका मोठ्या मनाने म्हणतात, "त्या दोघांना बोलू द्या जरा." गच्चीवर दहा मिनिटे मिळतात. "शिक्षण कुठं झालं?" "इथंच, धुळ्याला." "आवडीनिवडी?" "गाणी ऐकते." पुढे काय विचारावे हे दोघांनाही सुचत नाही. खाली आल्यावर मात्र संध्याकाळपर्यंत होकार-नकार कळवायचा असतो.

हल्ली अनेकांची ओळख विवाहविषयक संकेतस्थळावर किंवा डेटिंग अ‍ॅपवर होते. काही जण घरी सांगण्याआधी एखाद्या कॅफेत भेटूनही येतात. तरी ती दहा मिनिटांची शांतता तिथेही पाठ सोडत नाही. फोनवर ती "हाय", "जेवलात का?" आणि अंगठ्याच्या चिन्हात दिसते, एवढेच.

ही शांतता कशाने मोडते, यावर हार्वर्डमधील संशोधकांनी 2017 मध्ये एक चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या लावून त्यांना पंधरा मिनिटे ऑनलाइन गप्पा मारायला सांगितल्या. काहींना किमान नऊ प्रश्न विचारायचे होते, काहींना जास्तीत जास्त चार. जास्त प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडली. पण खरी गंमत प्रश्नांच्या जातीत होती. फरक पडत होता तो आधीच्या उत्तरातून निघणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाने. "गाणी ऐकते" यावर "छान, मला क्रिकेट आवडतं" म्हटले की विषय संपला. "सध्या कुठलं गाणं डोक्यात आहे?" म्हटले की समोरच्याला कळते, हा ऐकतो आहे. काही मिनिटांच्या झटपट भेटींच्या कार्यक्रमांतही, असे प्रश्न अधिक विचारणाऱ्यांना पुन्हा भेटण्याचा होकार जास्त वेळा मिळाला.

याच संशोधनातली आणखी एक गोष्ट खानदेशातल्या बैठकीला नेमकी लागू पडते. तोच संवाद बाहेरच्या माणसांनी वाचला, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याला तो फायदा मिळाला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला उत्तरे देणारा अधिक भावतो, कारण माहिती त्याच्याबद्दल मिळते. आत्या-मामांनी भरलेल्या खोलीत मुलगा-मुलगी छाप पाडणारी उत्तरे देत बसतात, ते त्यामुळेच. प्रेक्षकांसमोर ते बरोबरही आहे. गच्चीवर गेल्यावर मात्र खेळ बदलतो, आणि तिथेही भाषण सुरूच राहिले तर दहा मिनिटे वाया जातात. वडीलधाऱ्यांनी दहाची तीस मिनिटे केली आणि जिन्यात कुणाला उभे केले नाही, तर बरेच काम होईल.

पहिल्या मेसेजचेही तसेच आहे. समोरच्याच्या माहितीतली किंवा फोटोतली एक नेमकी गोष्ट धरावी. "हा लळिंगचा किल्ला ना? पावसाळ्यात गेला होतात का?" याला उत्तर देणे सोपे असते. "तुमच्या घरी अहिराणी बोलतात का?" हा प्रश्न धुळ्याच्या बाजूला हमखास चालतो, आजीची एखादी गोष्ट त्यातून निघतेच. उत्तर आले नाही तर लागोपाठ चार प्रश्नचिन्हे पाठवू नयेत. उत्तर न देणे हेही उत्तर असते.

आता शरीराकडे वळू. पहिल्या भेटीआधी छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, तळहात ओले होतात. हे अ‍ॅड्रेनालिनचे काम. मौखिक परीक्षेआधीही हेच होते. अशा वेळी घरचे सांगतात, "शांत राहा." ते जमत नाही, कारण वेगात असलेले शरीर सांगून थंड होत नसते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, गाणे किंवा भाषण करण्याआधी "मी शांत आहे" असे स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा "मी उत्सुक आहे" म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड तीच, नाव बदलले. कडक कॉफीचे दोन कप मात्र अशा दिवशी टाळलेले बरे, धडधडीत त्यांची भर नको.

जागा आणि वेळ यांचाही हातभार लागतो. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात असतो आणि नेमकी तीच लग्नसराई. दुपारी दोनची भेट ठरवली तर घाम भीतीचा की उन्हाचा, हे ज्याचे त्यालाही कळणार नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर मेहरूण तलावाच्या काठाने एक फेरी मारता येते. चालताना सतत नजरेला नजर द्यावी लागत नाही, बोलणे थांबले तर पाणी आणि पक्षी आहेत. जैन हिल्सवरचे गांधी तीर्थ हाही चांगला पर्याय, कारण पाहायला काही असले की बोलायला विषय शोधावा लागत नाही. भेट तासाभराचीच ठरवावी. रंगली तर वाढवता येते. तीन तासांचे जेवण मध्येच आटोपता येत नाही.

आणि जेवणच असेल तर पहिल्या दिवशी शेवभाजी नको. खानदेशी माणसाला हे पटणार नाही, पण कारण शास्त्रीय आहे. मिरचीतले कॅप्सायसिन मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही-1 या ग्राहीला जागे करते. हाच ग्राही खऱ्या उष्णतेनेही जागा होतो. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. मेंदूला वाटते अंग तापले. कपाळावर घाम, नाकाला पाणी. शिवाय तर्रीचा डाग आहेच.

ऑनलाइन ओळख असेल तर प्रत्यक्ष भेटीआधी एक व्हिडिओ कॉल करावा, भेट वर्दळीच्या ठिकाणी ठेवावी, कुठे जातो ते घरी किंवा मैत्रिणीला सांगून जावे. न भेटताच कुणी पैसे मागितले, मग कारण आईच्या ऑपरेशनचे असो की कस्टममध्ये अडकलेल्या भेटवस्तूचे, तर ती फसवणूकच समजावी. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

राहिला संध्याकाळचा निरोप. 2018 मध्ये मानसशास्त्रज्ञांनी अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावले आणि नंतर वेगवेगळे विचारले: तुम्हाला समोरचा किती आवडला, आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल? बहुतेकांनी दुसऱ्या प्रश्नाचा अंदाज कमी लावला. लाजाळू माणसांनी तर फारच. एका विद्यापीठाच्या वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकला. म्हणजे धुळ्याहून परतताना गाडीत "मी तिला आवडलो नसेन" म्हणणारा मुलगा आणि स्वयंपाकघरात "ते नाहीच म्हणतील" म्हणणारी मुलगी, दोघांचाही अंदाज चुकलेला असू शकतो. त्या रात्रीच निरोप पाठवण्याऐवजी मुलाने घरच्यांना आठवडाभर थांबायला सांगावे आणि मुलीच्या परवानगीने तिला एक फोन करावा. "ते गाणं ऐकलं मी" एवढ्यावरही तो सुरू करता येईल.