शब्द दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातील गोष्ट. आमच्या वसाहतीच्या बागेत सकाळी फिरायला आलेले एक ज्येष्ठ गृहस्थ बाकावरून उठता उठता कोसळले. वय अठ्ठ्याहत्तर. हाकेला प्रतिसाद नव्हता, श्वासही चालू नव्हता. वसाहतीतील प्रथमोपचार गटाचे एक स्वयंसेवक योगायोगाने तेथेच होते. त्यांनी एकाला १०८ क्रमांकावर दूरध्वनी करायला सांगितले आणि स्वतः गुडघे टेकून छातीवर दाब देण्यास सुरुवात केली. रुग्णवाहिका येईपर्यंत चौदा मिनिटे ते एकटेच दाब देत राहिले. गृहस्थ वाचले नाहीत.

त्यानंतर ते स्वयंसेवक गटाच्या एकाही बैठकीस आले नाहीत. पाळ्यांची यादी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. दोन महिने मी त्यांच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ एवढेच लिहीत राहिलो. अखेर एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. समोरचा चहा निवेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझ्या हाताखाली त्यांची बरगडी मोडली. आवाज ऐकला मी. ते माझ्यामुळे गेले का, एवढं तरी मला कुणी सांगा.”

उतारवयातील व्यक्तीच्या छातीवर योग्य रीतीने दाब दिला तरी बरगडी मोडू शकते, हे वैद्यकशास्त्राला पुरते ठाऊक आहे. प्रौढाच्या छातीवर पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब द्यावा लागतो. ठिसूळ हाडांना तो सोसतोच असे नाही. मोडलेली बरगडी पुढे जुळते, बंद पडलेल्या हृदयाला मात्र थांबायला वेळ नसतो. शिवाय रुग्णालयाबाहेर ज्यांचे हृदय बंद पडते, त्यांपैकी प्रगत देशांतही दहांतील जेमतेम एक जण वाचून घरी परततो. हे सारे प्रशिक्षणाच्या दिवशी पाच मिनिटांत सांगता आले असते. आम्ही सांगितले नव्हते. त्या भल्या माणसाने दोन महिने जो अपराध उरावर वागवला, तो त्यांचा नव्हताच. चूक आमची होती.

स्वयंसेवकाने संस्थेला काय द्यायचे, याची चर्चा नेहमी होते. संस्थेने स्वयंसेवकाला काय द्यायचे, हा प्रश्न आमच्या गटात तोवर कुणी विचारलाच नव्हता.

संघटित स्वयंसेवेची परंपरा तशी जुनी आहे. १८५९ मध्ये इटलीतील सोल्फेरिनोच्या लढाईनंतर जवळच्या कास्तिल्योने गावातील स्त्रियांनी शत्रू-मित्र असा भेद न करता जखमींची शुश्रूषा केली. ते पाहणाऱ्या हेन्री ड्युनांट यांच्या विचारातून पुढे रेडक्रॉसची चळवळ उभी राहिली. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स संस्थेने सर्वसामान्य माणसांना प्रथमोपचार शिकवण्याचे कार्य हाती घेतले. ती संस्था आपल्या देशातही आज हे प्रशिक्षण देते. १९६५ मध्ये रेडक्रॉसने जी सात मूलतत्त्वे जाहीर केली, त्यांत स्वेच्छासेवा हे एक आहे. मात्र स्वेच्छा असते ती गटात येण्यापुरती. पाळी स्वीकारली की तो शब्द होतो. मंगळवारी रात्री मी उपलब्ध आहे असे कुणी लिहून दिले, की त्या रात्री अंथरुणाला खिळलेल्या पत्नीजवळ बसलेले एखादे आजोबा त्या भरवशावर डोळा लावतात. येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी तसे कळवणे, हाही शब्द पाळण्याचाच भाग होय.

स्वयंसेवकाकडून दुसरी अपेक्षा असते ती मर्यादा ओळखण्याची, आणि ती अधिक कठीण आहे. फीट आली की कांदा हुंगवा, तोंडात चमचा घाला, असे सांगणारे दहा जण भोवती उभे असतात. त्या गर्दीत ‘तोंडात काहीही घालायचे नाही, त्यांना कुशीवर वळवू या’ असे शांतपणे म्हणण्यास धैर्य लागते. मधुमेही व्यक्तीची साखर उतरली, ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर पाण्याचा थेंबही देऊ नये. न्हाणीघरात घसरून पडलेल्या आजींना ‘उठा, उठा’ म्हणत बखोट धरून उभे करणे हा तर आपल्याकडचा सार्वत्रिक प्रमाद. खुब्याचे हाड मोडले असल्यास त्या उचलण्यानेच इजा वाढते. आणि स्वयंसेवक आपल्या पिशवीतील गोळी कुणालाही देत नाही, घरच्यांनी कितीही गळ घातली तरी.

आणखी एक गोष्ट ज्येष्ठांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. स्वयंसेवक ऐन अडचणीच्या क्षणी घरात शिरतो. ओले अंथरूण, विस्कटलेला संसार, सून-सासूची धुसफूस हे सारे त्याच्या दृष्टीस पडते. ते त्याने उंबऱ्याबाहेर नेता कामा नये. आमच्या ओळखीच्या एक आजी पडल्यावर तासभर जमिनीवर पडून राहिल्या, पण त्यांनी हाक मारली नाही. उद्या जिन्यात चर्चा होईल ही भीती! ज्या गटाचे तोंड बंद राहत नाही, त्याला कोणी बोलावत नाही.

आता संस्थेची बाजू. हातमोजे, पट्ट्या, विजेरी यांचा खर्च स्वयंसेवकाच्या खिशातून होऊ नये, हे उघड आहे, तरी अनेक ठिकाणी तो होतो. शिकलेले कौशल्य काही महिन्यांतच बोथट होऊ लागते. म्हणून भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर विसंबून न राहता वर्षातून निदान दोनदा पुतळ्यावर सराव घडवणे हे संस्थेचे कर्तव्य. दाब देणारा दर दोन मिनिटांनी बदलावा असा संकेत आहे, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो. म्हणजे एका पाळीला किमान दोन माणसे हवीत. आमच्या यादीत प्रत्येक पाळीला एकच नाव असे. ती यादी मीच केली होती.

कायद्याविषयीही संस्थेने स्वयंसेवकाला अंधारात ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्णयानंतर आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या १३४अ कलमानुसार, रस्ते अपघातातील जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण मिळते. त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. परंतु हे कलम रस्त्यावरील अपघातांसाठी आहे, घरात पडलेल्या आजोबांसाठी नाही. तेथे स्वयंसेवकाचा आधार म्हणजे त्याचे प्रशिक्षण, त्याने पाळलेली मर्यादा आणि काय, कोणत्या वेळी केले याची तत्काळ केलेली नोंद. ‘तुम्हाला काही होणार नाही हो’ असे नुसते म्हणणे पुरेसे नाही.

आणि घटनेनंतरची विचारपूस. त्याच दिवशी एक दूरध्वनी, आठवड्याने एक भेट, गरज भासल्यास समुपदेशकाचा पत्ता. याला पैसा लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याची कोणत्याही अंदाजपत्रकात नोंद नसते आणि ते राहून जाते. काही काळ पाळी नको वाटत असेल, किंवा गट कायमचा सोडायचा असेल, तर तेही मान खाली न घालता करता आले पाहिजे.

घरातील मंडळींकडेही थोडे वळावे लागेल. आधी १०८, मग स्वयंसेवक. हा क्रम उलटू नये. चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचा ठळक उल्लेख, दाराजवळ लावलेला असावा, कारण अशा रुग्णाच्या डोक्याला लागलेला किरकोळ मारही दुर्लक्षून चालत नाही. आणि स्वयंसेवक म्हणजे रोज रक्तदाब मोजून देणारा, येता येता औषधे आणणारा हक्काचा माणूस नव्हे. तशी कामे वाढत गेली की चांगली माणसे मुकाट्याने दूर होतात. हे मी यादी ठेवणारा म्हणून सांगतो.

आम्ही पुढे एक पानी करार लिहिला. डावीकडे स्वयंसेवकाचे शब्द, उजवीकडे संस्थेचे. खाली दोघांच्या सह्या. उजवी बाजू लिहायला तीन बैठका लागल्या, डावी अर्ध्या तासात झाली होती.

ते स्वयंसेवक परत आले, पण गुडघे दुखतात म्हणून दाब देण्याची पाळी आता घेत नाहीत. करारात त्यांच्यासारख्यांसाठी आम्ही निराळे काम लिहिले आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्या आणखी चौघांनी त्याखाली सही केली आहे. रुग्णवाहिका बोलावली की त्यांतील एक जण फाटकाशी विजेरी घेऊन उभा राहतो, दुसरा उद्वाहन तळमजल्यावर थांबवून धरतो आणि तिसरा घड्याळ पाहून वेळा टिपून घेतो. मागच्या महिन्यात रात्री अडीच वाजता फाटकाशी तेच उभे होते. गाडी आत वळल्यावर त्यांनी मला हाताने खूण केली आणि चौथ्या मजल्याच्या खिडकीकडे विजेरीचा झोत धरला.