युगांडातल्या दवाखान्यांत कंडोम संपले तेव्हा

ऑक्टोबर 2004 मध्ये युगांडाच्या सरकारने ‘एन्गाबु’ नावाचे कंडोम परत मागवले. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारे हे कंडोम गरिबांना परवडणारे एकमेव होते. पाकीट फोडलं की घाण वास येतो, अशा तक्रारी वाढल्या होत्या. संशयास्पद माल परत घ्यायलाच हवा, त्यात सरकारचं काही चुकलं नाही. चूक पुढे झाली. परत घेतलेल्या मालाची जागा भरायला दुसरा माल वेळेवर आलाच नाही.

ज्या देशात हे घडलं, तो एड्सशी लढण्यात तोवर साऱ्या आफ्रिकेच्या पुढे होता. 1986 मध्ये सत्तेवर आलेल्या योवेरी मुसेवेनींनी हा आजार लपवला नाही. गुरं जशी खुंट्याला बांधून एकाच जागी चारतात तसं आपल्या घरापुरतं राहा, असा शेतकऱ्याला चटकन कळणारा प्रचार त्यांनी गावोगाव नेला. नोरीन कालीबांनी नवरा एड्सने गेल्यावर 1987 मध्ये सोबत्यांसह ‘टासो’ ही संस्था उभी केली आणि रुग्णांना माणसात आणलं. गायक फिली लुटाया यांनी 1989 मध्ये आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी मरेपर्यंत ते शाळांतून, चर्चमधून बोलत राहिले. कंडोमबद्दल मुसेवेनी सुरुवातीला नाखूशच होते. तरी नव्वदच्या दशकात कंडोम देशभर पोचले, दुकानात स्वस्तात आणि दवाखान्यात फुकट. त्या दशकाच्या सुरुवातीला प्रौढांमधलं संसर्गाचं प्रमाण सुमारे 15 टक्के होतं, पुढच्या दहाएक वर्षांत ते 6 टक्क्यांच्या आसपास आलं. संयम, निष्ठा आणि कंडोम या तिन्हींचा त्यात वाटा होता. कुणाचा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

एन्गाबु परत घेतल्यावर सरकारने आयात होणाऱ्या प्रत्येक खेपेची देशात उतरल्यावर पुन्हा चाचणी सक्तीची केली. कंडोमची चाचणी दिसायला साधी असते. त्यात 300 मिलिलिटर पाणी भरून तो टांगतात, थेंब गळतो का ते पाहतात, मग टिपकागदावर लोळवून ओल उमटते का ते तपासतात. वेगळ्या यंत्रावर हवा भरत भरत तो फुटेपर्यंत फुगवतात आणि किती लिटर हवेला, किती दाबाला फुटला याची नोंद करतात. अशी तपासणी प्रत्येक खेपेतल्या शेकडो नगांवर करावी लागते. त्यासाठी यंत्रं आणि शिकलेली माणसं लागतात. युगांडात ती व्यवस्था पुरेशी नव्हती, तरी नियम आधी लागू झाला. केनियातल्या मोंबासा बंदरातून रस्त्याने आलेला माल गोदामात पडून राहिला. दुकानांत विकले जाणारे इतर ब्रँडही त्याच नियमात अडकले आणि महागले. देशाला वर्षाला 12 ते 15 कोटी कंडोम लागतात, असा तेव्हाच्या कार्यकर्त्यांचा अंदाज होता. आरोग्यमंत्री जिम मुहवेझी मात्र टंचाई नाहीच म्हणत राहिले.

नुसत्या गोदामातल्या गोंधळाने एवढी पाळी आली असती, असं मला वाटत नाही. वाराही फिरला होता. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 2003 मध्ये परदेशांतल्या एड्सविरोधी कामासाठी ‘पेपफार’ योजना आणली, पाच वर्षांत 15 अब्ज डॉलर. त्या पैशाने लाखो माणसं जगली, हे विसरून बोलणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण कायद्यात एक अट होती: प्रतिबंधावरच्या खर्चाचा किमान तिसरा हिस्सा लग्नापर्यंत संयमाच्या प्रचारावर व्हावा. युगांडात त्याचे पडसाद लगेच उमटले. जुलै 2004 मध्ये बँकॉकच्या जागतिक एड्स परिषदेत मुसेवेनींनी कंडोमवर फार विसंबू नये, असा सूर लावला. त्यांच्या पत्नी जॅनेट मुसेवेनी कौमार्यरक्षणाचा प्रचार करत होत्याच. कंडोम मागणारा माणूस बदफैली, असा समज बळावत गेला. आणि नवऱ्याशी एकनिष्ठ राहूनही संसर्ग झालेल्या बायकांची संख्या तिथे थोडी नव्हती. त्यांनी कुणाचा उपदेश मोडला होता?

त्याच कायद्यात दुसरीही एक अट होती, ती आपल्या सांगलीपर्यंत येऊन पोचली. पैसे हवे असतील तर संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लेखी द्यायचं. वेश्यांच्याच हाती कंडोमवाटपाचं काम सोपवणाऱ्या ‘संग्राम’ या तिथल्या संस्थेने तसं लिहून द्यायला नकार दिला आणि अमेरिकी निधी नाकारला. ब्राझीलनेही 2005 मध्ये 4 कोटी डॉलरवर पाणी सोडलं. युगांडासारख्या परक्या पैशावर चालणाऱ्या देशाला असा नकार परवडणारा नव्हता.

ऑगस्ट 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे आफ्रिकेतले एड्सविषयक विशेष दूत स्टीफन लुईस उघड बोलले. ही टंचाई अमेरिकेच्या धोरणाने वाढवली आहे, असा ठपका त्यांनी ठेवला. वॉशिंग्टनने आणि कंपालाने तो फेटाळला. त्याच महिन्यात एड्स, क्षय आणि मलेरियाविरुद्धच्या जागतिक निधीने (ग्लोबल फंड) गैरव्यवस्थापनाच्या कारणावरून युगांडाची मदत थांबवली, ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. हळूहळू खेपा सुटू लागल्या. 2008 मध्ये अमेरिकेने तिसऱ्या हिश्श्याची सक्ती काढली. 2011 च्या पाहणीत युगांडातलं संसर्गाचं प्रमाण 7.3 टक्के निघालं, 2004-05 च्या पाहणीत ते 6.4 होतं. औषधांमुळे रुग्ण जास्त जगू लागले, हेही त्यामागचं एक कारण आहे, त्यामुळे ही वाढ सरसकट टंचाईच्या माथी मारणं बरोबर नाही. पण 2004-05 मध्ये दवाखान्यातून रिकाम्या हाती परतलेल्यांचा हिशेब कुठल्याच पाहणीत येत नाही.

दर्जाचा प्रश्नही संपला नाही. 2019 मध्ये भारतात बनलेले ‘लाइफगार्ड’ कंडोम युगांडाच्या औषध प्राधिकरणाच्या तपासणीत नापास झाले आणि लाखोंच्या संख्येने परत मागवावे लागले. फरक इतका की आता तपासणारी यंत्रणा देशातच होती, तिने दोष नेमक्या खेपांपुरता शोधून काढला. एका ब्रँडपायी सगळ्यांचा माल अडवून ठेवावा लागला नाही.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. पुढे आलेल्या सवलतीत एचआयव्हीचे उपचार बसले, प्रतिबंधक गोळ्या फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांपुरत्या बसल्या. कंडोम बसले नाहीत. कारखान्याला मागणी नोंदवल्यापासून माल मोंबासामार्गे गावच्या दवाखान्यात पोचायला कित्येक महिने जातात, त्यामुळे आज थांबलेली खरेदी तिथल्या परिचारिकेला आज दिसत नाही. तिच्या कपाटातली आधीची खोकी संपेपर्यंत नवी मागणी नोंदवायची वेळ निघून गेलेली असते.