चार लोक काय म्हणतील?

दोन वर्षांपूर्वी दहावीचा निकाल लागला, तेव्हा एका विद्यार्थिनीचे अब्बा मला म्हणाले, "सर, मुलीला अलिबागला कॉलेजात पाठवायला मी राजी आहे. पण मी एकट्यानेच कसं पाठवू? जमातीत काय म्हणतील?" गंमत म्हणजे त्याच आठवड्यात आणखी दोन घरांत मला हेच ऐकायला मिळालं. तिघेही राजी, आणि तिघेही एकमेकांना भ्यालेले!

अलिबाग तालुक्यातल्याच चरी गावात 27 ऑक्टोबर 1933 रोजी कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने ठरवलं, की खोताची जमीन कसायची नाही. हा संप 1939 पर्यंत टिकला. एकट्या कुळाची खोतापुढे ब्र काढायची छाती नव्हती. सगळ्यांचं ठरल्यावर तेच कूळ वर्षानुवर्षं उपासमार सोसून उभं राहिलं. चार लोकांचा धाक तिथेही असणारच. पण तो खोताच्या धाकाहून मोठा ठरला.

अमेरिकेत सॉलोमन अॅश यांनी 1950 च्या दशकात एक साधा प्रयोग केला. रेषेची लांबी मुद्दाम चुकीची सांगणाऱ्या मंडळींत एखाद्याला बसवलं, की तोही अनेकदा त्यांचीच री ओढी. मात्र एक जण जरी खरं बोलला, तरी हे प्रमाण एकदम खाली येई.

मी त्या तिघांना एका संध्याकाळी घरी चहाला बोलावलं. फार बोलावं लागलं नाही. तिघी मुली एकाच एसटीने जाऊ लागल्या. चौथ्या घरी अजून मशवरा चालू आहे.