रावणाच्या वाटेवर सगळे भेटतात

वाल्मीकी रामायणाचे युद्धकांड संपते तेव्हा रावण मेलेला असतो, रामाला राज्याभिषेक झालेला असतो. कथा इथे थांबली असती तरी कुणाची तक्रार नव्हती. पण पुढचे उत्तरकांड उघडावे, तर रामाचे अभिनंदन करायला ऋषी अयोध्येत आलेले दिसतात आणि त्यांच्यातले अगस्त्य बोलू लागतात ते रावणाबद्दल. त्याचे कूळ, जन्म, तप, वर, दिग्विजय असे करत पहिले ३४ सर्ग त्यातच जातात. मध्यभागी रावण आणि श्रोत्याच्या आसनावर राम, अशी ही मांडणी आहे. सुपरहीरोंच्या एकत्रित मालिकांमध्ये खलनायक मध्यभागी येतो, ही आजच्या काळाची बिघडलेली आवड आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ३४ सर्ग वाचावेत. माझे म्हणणे असे, की अनेक वीरांना एका कथेत आणायचे असेल तर खलनायकाला मध्यभागी घेण्यावाचून कथाकारापुढे फारसा मार्गच नसतो.

कारण साधे आहे. वीर म्हणजे रक्षणकर्ता, आणि रक्षण करणाऱ्याला हद्द असते. बॅटमॅनला गॉथम, सुपरमॅनला मेट्रोपोलिस. आपापले शहर सोडून त्यांनी एकत्र यावे असे कारण त्यांच्या स्वतःच्या कथांत सहसा सापडत नाही. हद्द मोडणारा दुसराच कुणी असावा लागतो. मार्व्हलने १९८४-८५ मध्ये ‘सीक्रेट वॉर्स’च्या १२ अंकांत आपले अनेक वीर आणि खलनायक एका परक्या ग्रहावर नेऊन ठेवले. त्यांना तिथे खेचून नेणारी अफाट शक्ती वेगळीच होती. बाकीचे समोर आलेल्या शत्रूशी लढत राहिले. त्या शक्तीवरच झडप घालावी हे सुचले डॉक्टर डूमला, आणि तिथून कथेला खरा वेग आला. २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’ चित्रपटात तर थॅनॉसचा सहा रत्नांचा शोध हाच कथेचा रस्ता आहे. तो रस्ता जिथे जिथे कुणाला आडवा जातो, तिथे तिथे आपल्याला एकेक वीर भेटतो.

उत्तरकांडात हेच घडते, आणि कितीतरी अधिक कसदारपणे. रावण सावत्र भाऊ कुबेरावर चालून जातो, त्याचे पुष्पक विमान हिरावून घेतो. कैलास उचलायला जातो, तर शंकराच्या अंगठ्याखाली त्याचे हात चिरडतात. त्या वेळच्या आरोळीवरून त्याला रावण हे नाव मिळते. यमाशी लढतो, तिथे ब्रह्मदेवाला मध्ये पडावे लागते. इंद्राला तर रावणाचा मुलगा बांधून आणतो आणि इंद्रजित होतो. नर्मदाकाठी तो शिवपूजा करत असताना पाणी अचानक उलटे चढू लागते, कारण खाली माहिष्मतीचा सहस्रबाहू कार्तवीर्य अर्जुन जलक्रीडा करताना हातांनी प्रवाह अडवून उभा आहे. तिथे रावण पकडला जातो आणि आजोबा पुलस्त्यांच्या शब्दावर सुटतो. वाली त्याला काखेत दाबून समुद्रासमुद्रावर संध्या उरकत फिरतो. कुबेर, यम, कार्तवीर्य, वाली यांची एकमेकांशी गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. रावणाच्या हव्यासाने ती सगळी एका सूत्रात ओवली गेली.

यावर पहिला आक्षेप येतो तो उदात्तीकरणाचा. ज्याच्याबरोबर इतके चालावे त्याच्याबद्दल ममता वाटू लागते, हे खरे आहे, आणि डीसीच्या २०१३ च्या ‘फॉरेव्हर ईव्हिल’ला तो आक्षेप मला लागू वाटतो. जस्टिस लीग नाहीशी झालेली, दुसऱ्या पृथ्वीवरून आलेले अधिक क्रूर खलनायक माजलेले, म्हणून लेक्स लुथर आपोआप तारणहार ठरतो. पुढे तो लीगमध्येही दाखल होतो. त्याचे जुने हिशेब मागायला कुणी येत नाही. अगस्त्य मात्र हिशेब सोडत नाहीत. नंदीच्या वानरमुखाला रावण हसतो, तर वानरांकडूनच तुझा नाश होईल असा शाप मिळतो. अयोध्येचा राजा अनरण्य मरता मरता सांगतो की माझ्याच कुळातला पुरुष तुला मारील. तप करणाऱ्या वेदवतीच्या केसांना तो हात घालतो. ती अग्नीत शिरते आणि तुझ्या वधासाठी पुन्हा जन्मेन म्हणते. रंभेवर बलात्कार केल्यावर नलकूबराचा शाप बसतो, आणि सीता अशोकवनात का वाचली याचे उत्तर तिथे मिळते. दिग्विजयाच्या प्रत्येक मुक्कामावर रावण आपल्या मरणाची तजवीज करत जातो. त्याला मध्यभागी ठेवल्यामुळेच हे दिसते.

दुःखी बालपण दाखवले की गुन्हा माफ, ही अलीकडच्या लेखकांची सवयही इथे नाही. आई कैकसीने वेळ चुकवली, घरात कुबेराचा मत्सर पेरला गेला, हे सारे सांगितले आहे. पण त्याच आईचा मुलगा बिभीषण त्याच गोकर्णाला तप करतो आणि संकटातही बुद्धी धर्मावर राहो एवढाच वर मागतो. परिस्थिती समजावून सांगणे आणि तिच्यामागे लपू देणे यांतला फरक या एका भावाने स्पष्ट होतो.

मराठी रंगभूमीलाही हे तंत्र परके नव्हते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ आणले. त्यातल्या मग्रूर कीचकाला त्यांनी मोकळेपणी बोलू दिले आणि प्रेक्षकांना त्याच्यात लॉर्ड कर्झन दिसला. कीचकाविषयी कुणाला लोभ वाटला नाही. सत्तेची भाषा कशी असते ते कळले. सरकारलाही ते कळले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

उत्तरकांड हे मागाहून जोडलेले आहे, मग त्याचा दाखला कसा चालेल, असे अभ्यासू वाचक विचारतील. बहुतेक संशोधक ते उत्तरकालीन मानतात, हे मला मान्यच आहे. पण त्यामुळे माझे म्हणणे दुबळे होत नाही. रामाचा विजय ऐकून झाल्यावरही ऐकणाऱ्यांची एक भूक उरली होती, आणि ती भागवण्यासाठी पुढच्या कवींनी अख्खी पूर्वकथा रचली. त्यांनी ती भूक रामाच्याच तोंडी घातली आहे. रावणाचे विजय ऐकता ऐकता राम मध्येच विचारतो, त्या काळी पृथ्वी वीरांवाचून ओस पडली होती का? त्याला हरवणारा कुणीच नव्हता? अगस्त्य हसतात आणि माहिष्मतीची हकीकत सांगायला घेतात.