मुरलेली तंबाखू, बदललेली चव

२०१८ साली पाइप ओढणाऱ्यांच्या जगाला दोन धक्के बसले. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७७ मध्ये सुरू झालेली मॅक्लेलंड ही तंबाखू कंपनी बंद पडली. हव्या त्या प्रतीचं पान आता मिळत नाही, असं कारण तिने दिलं. त्याच वर्षी ‘डनहिल’ हे नाव पाइपच्या तंबाखूच्या डब्यांवरून गेलं. ज्यांनी वर्षानुवर्षं एकच मिश्रण ओढलं होतं, त्यांनी दुकानांत उरलेसुरले डबे गोळा केले. अमेरिकेत ही साठवण त्याआधीच वाढू लागली होती. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे नवे नियम ८ ऑगस्ट २०१६ पासून पाइपच्या तंबाखूलाही लागू झाले होते. १५ फेब्रुवारी २००७ रोजी बाजारात नसलेल्या मिश्रणांना परवानगीच्या चाळणीतून जावं लागणार होतं आणि आपलं मिश्रण त्यात टिकेल का, याची धास्ती अनेकांना होती.

पण हरवण्याच्या भीतीने साठवणारे आणि मुरवण्यासाठी साठवणारे, अशा दोन जाती आहेत. पहिल्याला चव आहे तशीच टिकायला हवी, दुसऱ्याला ती बदलायला हवी. डबा दोघांचाही तोच असतो, आणि काळ मात्र दुसऱ्याच्याच बाजूने काम करतो.

पानाच्या आत

मुरण्याची क्षमता सर्वांत जास्त असते ती व्हर्जिनिया पानात. तोडणीनंतर हे पान बंद भट्टीघरात गरम हवेवर काही दिवसांतच वाळवतात. त्यामुळे पानातल्या स्टार्चची झालेली साखर पानातच अडकून राहते. बर्ली पान सावलीत, मोकळ्या हवेत कित्येक आठवडे वाळतं आणि तोवर त्यातली साखर जवळजवळ संपते. डबा बंद झाल्यावर व्हर्जिनियातली साखर आणि नत्रयुक्त घटक यांच्यात संथ प्रक्रिया चालू राहते. पिवळं पान तपकिरी, मग काळपट होतं, नव्या तंबाखूचा तिखट कोरडेपणा ओसरतो आणि सुक्या अंजिराच्या वळणाचा गोड वास येऊ लागतो. आपल्याकडे लिंबाचं लोणचं ज्या धीराने काळं पडू देतात, तोच धीर इथे लागतो. जुन्या डब्यात पानावर कधी बारीक चमकदार स्फटिक दिसतात. नवखा माणूस त्यांना बुरशी समजतो. बुरशी केसाळ, कापसासारखी असते आणि तिला कुबट वास येतो. स्फटिक उजेडात चमकतात.

पेरिक ही तंबाखू बाजारात येते तीच मुरून. लुईझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये पानं व्हिस्कीच्या पिंपांत ठासून, वरून दाब देऊन स्वतःच्याच रसात आंबवतात. मधून मधून ती बाहेर काढून, हवा देऊन पुन्हा दाबतात. असं साधारण वर्षभर चालतं. व्हर्जिनियात थोडी पेरिक मिसळली, तर ती जोडी वर्षानुवर्षं एकमेकांत मिसळत जाते.

लाटाकियाची गोष्ट उलटी. सीरियातल्या बंदराचं नाव घेतलेलं, पण आज प्रामुख्याने सायप्रसमधून येणारं हे पान लाकडाच्या धुरावर वाळवतात. त्या धुरासाठीच त्याची ख्याती आहे आणि काळाबरोबर तो धूरच मवाळ होतो. लाटाकियाप्रधान मिश्रण दोन दशकं ठेवलं, तर एकजीव आणि गोलाईदार चव मिळते, पण ज्या धारेसाठी ते घेतलं ती बोथट झालेली असते.

नाव तेच, तंबाखू?

आल्फ्रेड डनहिलने १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं. तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार पानं मिसळून त्या पाककृतीची नोंद वहीत क्रमांकाने होत असे. ‘माय मिक्स्चर ९६५’ हे नाव त्या वहीतून आलं. पुढे १९८०च्या दशकात उत्पादन बेलफास्टच्या मरे कंपनीकडे गेलं, नंतर डेन्मार्कला. २०१९ पासून यातली बरीच मिश्रणं ‘पीटरसन’च्या नावाने मिळू लागली. हौशी माणसं आजही डब्याच्या झाकणावरून तो कोणत्या काळातला हे ओळखतात आणि मरेच्या काळातला डबा जपून ठेवतात.

मला इथे मूळ अडचण दिसते. नवा डबा घ्यावा, तर पान आणि कारखाना बदललेले. जुना उघडावा, तर आतलं पान काळाने बदललेलं. ३० वर्षांपूर्वी माणसाने जी ताजी चव घेतली, ती कोणत्याच डब्यात उरलेली नाही. जुना डबा बनवणाऱ्यांचं कसब दाखवतो, त्यांच्या पानाची जात दाखवतो, पण त्यांची ताजी तंबाखू दाखवू शकत नाही.

साठवणीची शिस्त

फटीत गंज धरून डब्याची हवाबंद पकड सुटली, की तंबाखू वाळून जाते. म्हणून सुटी तंबाखू रबरी कडीच्या स्वच्छ काचेच्या बरण्यांत, अंधारात, फारसा चढउतार नसलेल्या तापमानात ठेवतात. ओलावा बेताचाच हवा. फार ओली तंबाखू बुरशीला आमंत्रण देते. एका मोठ्या बरणीपेक्षा लहान बरण्या बऱ्या, कारण झाकण उघडलं की ताजी हवा शिरते आणि आतली वाटचाल दिशा बदलते. प्रत्येक बरणीवर मिश्रणाचं नाव आणि भरल्याची तारीख लिहायलाच हवी.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मुरल्याने चव सौम्य होते, धोका सौम्य होत नाही. निकोटिनचं व्यसन, तोंडाचा आणि घशाचा कर्करोग हे धोके जुन्या पानालाही तसेच आहेत. उलट उष्ण जागी साठवलेल्या पानात कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स वाढू शकतात, हे संशोधनात दिसलं आहे.

म्हणून मला साठ्याच्या आकारापेक्षा त्याच्या नोंदींचं मोल जास्त वाटतं. ज्याला हा छंद करायचाच आहे, त्याने एका मिश्रणाचे दोन डबे घ्यावेत, एक आज उघडावा आणि चव शब्दांत लिहून ठेवावी. दुसरा दहा वर्षांनी उघडून त्या टिपणाशी ताडून पाहावा. डनहिलच्या दुकानातल्या वहीने मिश्रणाची कृती जपली. चवीची वही मात्र ओढणाऱ्यालाच लिहावी लागते. मॅक्लेलंडचे उरलेले डबे एक एक करून उघडले जातील आणि संपतील. त्यांची चव कशी होती, हे पुढच्या माणसाला तेवढ्या टिपणांतूनच कळेल.